गल्ली बंद करणारी भिंत

बाईचं नाव दुकानात कुणी घेत नसे. सगळे तिला तोफ म्हणत, तोंडामुळेही आणि खेळातल्या रॉकेट लाँचरमुळेही. स्वतःच्याच पायाखाली रॉकेट फोडून, थोडा जीव गमावून, थेट छपरावर उडी घेणं तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. दुकान तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं होतं. पुढे कॉम्प्युटर दुरुस्ती चाले आणि मागे तारांनी जोडलेल्या मशिनांवर जुने गोळीबाराचे खेळ.

त्या दिवशी तिने मागची खोली उघडली तर सर्व्हरवर जुनं काहीच उरलं नव्हतं.

"साफ केलं ताई," धाकटा चहा फुंकत म्हणाला. "रखडत होता डबा. आता नवा खेळ टाकलाय. भिंतीआड बसलं की जखम आपोआप भरते, आणि कुठे जायचं ते बाण दाखवतो."

"आणि गल्ली?"

"कुठली गल्ली?"

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्ता रुंद करताना त्यांची जुनी गल्ली पाडली, तेव्हा तिने ती खेळाच्या नकाशात वीट न् वीट उभी केली होती. बाबांच्या लेथ मशीनशेजारी चिलखत ठेवलं होतं, पाण्याच्या टाकीवर रॉकेट लाँचर आणि आईच्या मोरीत औषधाची पेटी. बाबा गेले, आई गेली. त्या गल्लीत चालायचं तर तेवढी एकच जागा उरली होती.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? विचारायचं तरी!"

"तू झोपली होतीस."

"मग उठवायचं! घर जळत असतं तरी झोपू दिलं असतंस का मला?"

"खेळच तर होता गं..."

तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला.

नकाशाची प्रत जपून ठेवलेल्या सीडीला बुरशी लागली होती. पण त्या खेळाची एक रीत होती: सर्व्हरवर जो खेळायला येई, त्याच्या मशिनात नकाशा आपसूक उतरत असे. दुकानातली मशिनंही धाकट्याने साफ केली होती आणि बाहेरच्या खेळाडूंची कधीच भंगारात गेली होती. आपलं मशीन घरून उचलून आणणारा आणि एक स्क्रूही फेकून न देणारा चिकट माणूस एकच होता. कोपऱ्या. हा लांब पल्ल्याची बंदूक घेऊन गल्लीच्या टोकाच्या कोपऱ्यात दबा धरून बसायचा, येईल त्याला टिपायचा. शेवटी तोफेने त्याला सगळ्यांदेखत हाकललं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. आता तो चष्म्यांचं दुकान चालवत होता.

"नंबर वाढला का?" तिला पाहून तो म्हणाला.

"जीभ आवर. माझी गल्ली आहे का तुझ्याकडे?"

"आहे. पण आधी एक डाव."

"मी भीक मागायला आले नाही!"

"मग खेळायला ये."

त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन मशिनं होती. ती दातओठ खातच बसली. लेथपाशी चिलखत अंगावर चढलं, टाकीवरून रॉकेट लाँचर घेतला. त्याच्या पावलांचा आवाज गल्लीच्या टोकाकडून येत होता. ती वळणावरून बाहेर पडली तर तो पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा! तिने रॉकेट सोडलं. त्याच्या चिंध्या झाल्या. पुन्हा जिवंत झाला आणि चालत तिथेच येऊन उभा राहिला. तिने पुन्हा उडवला. तो पुन्हा आला.

"खेळतोस की थट्टा करतोस माझी?"

"मी कुठे उभा आहे बघ."

"भिंतीसमोर!"

"आणि खऱ्या गल्लीत तिथे काय होतं?"

ती पडद्याकडे वाकली. भिंतीवर एक खिडकी रंगवलेली होती. तिनेच रंगवलेली.

"तुझं घर," ती म्हणाली.

"नकाशात सगळ्यांची घरं उभारलीस. दारुड्या रंगाऱ्याचंसुद्धा उभारलंस! माझ्या घरावर मात्र भिंत घातलीस, आणि वर मलाच कोपऱ्या म्हणालीस. कुठे बसणार होतो मी?" त्याचा आवाज फाटला. "माझी आजी मेली त्या घरात!"

"अरे, नकाशा कुठेतरी बंद करावा लागतो! आणखी खोल्या मशीनला झेपत नव्हत्या."

"आता झेपतात."

"तेव्हाच का नाही बोललास, मेल्या? तोंडात काय दही होतं?"

"तू बोलू दिलंस कधी कुणाला?"

तिने कीबोर्ड धाडकन पुढे सरकवला. त्याने गल्ली उतरवून द्यायला पेन ड्राइव्ह मशीनला लावला.

"जिना कुठल्या हाताला होता?" कीबोर्ड पुन्हा ओढून, नकाशा दुरुस्तीला उघडत ती खेकसली.

"डाव्या."

"उजव्या! मी चढलेय त्यावरून, मला शिकवू नकोस."

"घर माझं की तुझं गं?"

"डावा तर डावा! दारं सांग. पटापट बोल, मला दिवसभर वेळ नाही."

त्याने बाहेर दुकानात आलेलं गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.