मशीनच हळू आहे

आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि सेवाग्रामच्या दवाखान्यातून त्यांना देवळीला घरी आणलं, तेव्हा निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं की यांना नुसतं झोपवून ठेवू नका, जे सवयीचं काम असेल ते करू द्या. सवयीचं काम कोणतं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. हा माणूस निवृत्त होईपर्यंत एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता आणि निवृत्तीनंतर इथल्या पेन्शनर मंडळींचा सगळा पत्रव्यवहार फुकट करत होता. कुणाचं पेन्शन अडकलं, कुणाच्या बायकोचं नाव लागलं नाही, की सगळे आमच्या दारात. चहा मी करायचा आणि दुवा यांना मिळायच्या.

हे काम चालायचं समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, त्यातल्या एका जुन्या मेलच्या प्रोग्रामात. मोबाईलवर मेल बघणं यांना कधी पटलं नाही. पत्र म्हटलं की टेबल पाहिजे, खुर्ची पाहिजे आणि समोर पाण्याचा ग्लास पाहिजे.

तर एका सकाळी मी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. लुळा उजवा हात मांडीवर ठेवला, माऊस डावीकडे सरकवला. त्यांनी माऊस नेमका मेलच्या चित्रावर नेऊन बोट दाबलं. पडदा पांढरा झाला, गोल चक्र फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं. मी पोळ्या लाटून आले तरी फिरत होतं. हे पडद्याकडे बघत नव्हते, आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

तसा तो प्रोग्राम झटक्याच्या आधीपासूनच रडत होता. पण तेव्हा हे त्याला शिव्या द्यायचे, टेबलावर थाप मारायचे, 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं आलं की सगळ्या कॉम्प्युटर कंपन्यांचा उद्धार करायचे. आता शिव्या बंद झाल्या होत्या. एक मेल उघडायला वेळ लागला की म्हणायचे, "माहंच चुकलं असन काही." मी म्हणायचे, "तुमचं नाई चुकलं, मशीनच हळू आहे." ते मान हलवायचे, आजारी माणूस समोरच्याचं मन राखायला हलवतो तशी.

मग एका दुपारी ते टोकाला गेलं. मेल उघडेना म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि ते मठ्ठ यंत्र एकदम जागं होऊन सगळं दाबलेलं एकाच वेळी करत सुटलं. खिडक्यांवर खिडक्या उघडल्या. हे घाबरले. डावा हात त्यांनी उचलून मांडीवरच्या उजव्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बंद कर. मले आता समजत नाई हे."

त्यानंतर ते त्या खोलीत जाईनात. दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड. बोलणंही आटत चाललं होतं. त्यांना खात्री पटली होती की आपलं डोकं गेलं, आणि त्या खात्रीनंच ते जाईल अशी मला धास्ती बसली. हात-पाय गेले तरी मी सांभाळले असते. पण हा माणूस मनानं उठून गेला तर मी कुणाशी भांडणार होते?

म्हणून मी ठरवलं की तो प्रोग्राम धावता करायचाच. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "काकू, नवीन घेऊन टाका, मेल इंटरनेटवरच पाहा." मी त्याला सांगितलं की बाबा, यांच्या बोटांना एवढंच एक पाठ आहे, नवीन बाराखडी मी कुठून शिकवू? त्याला ते काही उमगलं नाही. चहा पिऊन गेला.

शेवटी पुण्याहून लेकीनं मला फोनच्या कॅमेऱ्यातून एकेक करत सगळं दाखवायला लावलं. म्हणाली, "आई, अगं ही मेलची फाईल आहे का धान्याचं गोदाम? बाबांनी भरलंय काय यात?" तिनं सांगितलं तशी मी बसून एकेक फोल्डर उघडत गेले, आणि मला ते सापडलं.

कचेरीत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत दप्तरी ठेवतात, तिला स्थळप्रत म्हणतात. आमच्या हेडक्लार्क साहेबांनी निवृत्तीनंतरही ती सोडली नव्हती. पाठवलेलं मेल प्रोग्राम आपणहून जपून ठेवतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून ते प्रत्येक मेल स्वतःलाही पाठवत. ते आलं की त्याची आणखी एक प्रत त्या-त्या पेन्शनरच्या फोल्डरात लावत. आणि प्रत्येकाबरोबर सेवापुस्तकाची पानंच्या पानं, जाडजूड स्कॅन केलेली. एवढं ओझं पाठीवर घेऊन तो प्रोग्राम उठतच नव्हता.

मला आधी हसू आलं आणि मग एवढा राग आला की मी तशीच जाऊन पलंगापाशी उभी राहिले. "हे तुमचं डोकं नाई गेलेलं," मी म्हणाले. "हे तुमच्या स्थळप्रतींनी केलं. मी सगळ्या पुसून टाकून राह्यली."

किती दिवसांनी त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे केलं. "स्थळप्रत पुसत नसते," ते म्हणाले.

"मग तुम्ही राहा भिंतीकडे पाहत."

"पुसत नसते. निंदणीकरण करा लागते."

शब्द जड निघाला, पण अख्खा निघाला. जुन्या दप्तराची छाननी करून नको ते काढून टाकणं, याला कचेरीत निंदणीकरण म्हणतात. त्यालाही वर्ग असतात. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, क वर्गाचे काही वर्षं, ड वर्गाचे वर्षाअखेर काढायचे. हे सगळं मी लग्नापासून ऐकत आले होते आणि कधी लक्ष दिलं नव्हतं.

मी त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं आणि माऊस मी हातात घेतला. मी मेल वाचायचे, हे वर्ग सांगायचे. "ड." "ड." "अ, हात नको लावू." एक बाई केव्हाच्या वारल्या होत्या, त्यांची प्रकरणं "क" म्हणून थांबवली, कारण मुलीचा दावा यायचा बाकी होता. मला तर ती बाईसुद्धा आठवत नव्हती. काही दिवस आमच्या दुपारी अशाच गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जुना हेडक्लार्क आला होता, माझ्यावर खेकसतसुद्धा होते. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम चुकीचं फोल्डर उघडून बोलणी खाल्ली.

सगळं काढून झालं. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. पांढरा पडदा, गोल चक्र. तसंच.

मी खरंच रडले तेव्हा. त्यांच्यासमोरच रडले. हे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तेच दिसायला लागलं होतं, की बघ, मी सांगत नव्हतो? मी अंगणात जाऊन लेकीला फोन लावला आणि तिच्यावरच ओरडले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पुसलेलं मेल नुसतं नजरेआड होतं गं, फाईलमध्ये पडूनच असतं. कचरापेटी रिकामी करून मग फाईल आवळून घ्यावी लागते. आधी सगळ्याची एक नक्कल पेनड्राइव्हवर काढ, आणि मध्ये लाईट जाऊ देऊ नकोस. देवळीत लाईट जाऊ देऊ नकोस म्हणे!

नक्कल काढली. कचरापेटी रिकामी केली. फाईल आवळायला लावली आणि पंख्याकडे बघत बसले. पंखा थांबला की सगळं संपलं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. यांनी माझा पदर डाव्या हातात धरून ठेवला होता. लाईट गेली नाही.

मग मी उठले आणि म्हणाले, "आता तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं. बोट उचलायच्या आत सगळं समोर आलं. मेल उघडलं, तेही लगेच. दुसरं, तेही. मी म्हणाले, "पाह्यलं? मशीनच हळू होतं." मी अगदी नाचायचीच बाकी होते. हे हसले, झटक्यानंतर पहिल्यांदा. वाकड्या तोंडानं हसले, पण हसले.

एका पेन्शनरच्या विधवेचं मेल येऊन पडलं होतं. यांनी उत्तराची खिडकी उघडली. डाव्या हाताच्या एका बोटानं 'महोदया' लिहिलं. मग बोट थांबलं. मी वाट पाहिली. कर्सर लुकलुकत होता. आयुष्यभर ज्या माणसानं मजकूर तोंडी सांगून टायपिस्टांना घाम फोडला, त्याला पुढचा शब्द सापडत नव्हता. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

"अटकलं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "अटकलं असन थोडं."

त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं. जन्मात कधी खोट्या कागदावर सही केली नाही या माणसानं. "नाई," ते म्हणाले. "ते चालून राह्यलं. आता ते माही वाट पाहून राह्यलं."

"पाहू द्या त्याले," मी म्हणाले. "इतके दिवस तुम्ही त्याची पाह्यलीच ना."

ते पुन्हा कळफलकाकडे वळले आणि बोट अधांतरी धरून शब्द शोधत राहिले. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता ते बरं. मला त्या घटकेला ते जुनं, रडकं, अडकणारं मशीन परत हवं होतं.