फवारणीची नळी

धरणाच्या नावेवर जे घडलं त्याचा दोष अकरा वर्षांपासून एका माणसावर आहे. तो दोष माझा आहे. मी तोंडाने सांगून पाहिलं, पण ज्याला सांगायला हवं होतं त्यानेच ते मानलं नाही. म्हणून आता लिहून ठेवतो.

रिसोडजवळच्या आमच्या मालेगावात माझं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी, डिझेल इंजिनं, फवारणीचे पंप, आणि हंगाम नसला की मोटरसायकली. तालुक्यातल्या एका धरणावर मासे धरणाऱ्यांचा गट होता. त्यांनी कोकणातून कुणाची तरी वापरलेली पेट्रोलची मोटर आणली. नावेच्या मागच्या फळीला लटकवायची, खाली पंखा असलेली. गोणपाटात गुंडाळून ती माझ्या दुकानात आली तेव्हा शेजारच्या चहावाल्याने पाहून विचारलं, "मिस्तरी, हे कोनाचं मिक्सर होय?"

गटातला एकजण नाव चालवायचा. किडकिडीत, चाळिशीच्या आसपासचा, बोलायला हळू. सगळे त्याला नाववाला म्हणत. मीही इथे तेच म्हणतो.

या मोटरची टाकी वेगळी, नावेच्या तळाशी ठेवलेली असते. टाकीतून एक नळी निघते. नळीच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा असतो आणि पुढे नळी मोटरला जाते. टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. चालवताना तो उघडायचा, म्हणजे पेट्रोल जाईल तशी आत हवा येते. तो बंद राहिला तर थोड्या वेळाने पेट्रोल यायचं थांबतं, फुगा चपटा होतो आणि मोटर मरते. पहिल्याच वर्षी नाववाला एकदा तो स्क्रू उघडायला विसरला होता आणि वल्हं मारत परत आला होता. त्यावरून गटातल्या लोकांनी त्याला हंगामभर सोडलं नाही. "टाकीचं नाक दाबून ठेवलं तं ते मरनारच ना बे!" तोही हसायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात टाकीपासून फुग्यापर्यंतची नळी उन्हाने तडकली. तसली नळी आमच्याकडे मिळत नव्हती. मागवली असती तर आली असती, पण मिस्तरीने वस्तू मागवायची म्हणजे आमच्याकडे तो थोडा कमीपणाच. मी दुकानातली फवारणी पंपाची नळी तेवढ्या मापाची कापली, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या आणि दिली.

"चालन ना मिस्तरी हे?" नाववाल्याने विचारलं.

"इतकं जहर, इतका दाब सयते ते. तुया पेट्रोलले काय होते तिले?"

इथे मी चुकलो. फवारणीच्या नळीतून औषध बाहेर ढकललं जातं. मोटर मात्र नळीतून पेट्रोल ओढून घेते. विहिरीच्या मोटारीला ओढायच्या बाजूने मऊ पाइप लावायचा नाही, तो चिकटून बंद होतो, हे मी जन्मभर शेतकऱ्यांना सांगत आलो होतो. स्वतःच्या हाताने नळी लावताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. शिवाय पेट्रोलने आतलं रबर फुगतं, तेही मला माहीत होतं.

पावसाळ्यात नाववाला तक्रार घेऊन आला. "हळू चालवली तं दिवसभर चालते. वर घेतली, वेग वाढवला का मिनिटभरात मरते."

मी कार्बोरेटर उघडला. तांब्याच्या तारेने जेटची बारीक भोकं साफ केली. मोटरमधल्या छोट्या पंपातला पातळ पडदा बदलला. पेट्रोल बाटलीत घेऊन पाणी आहे का पाहिलं. नव्हतं. मग पाण्याच्या पिंपात मोटर उभी करून चालवली. सुंदर चालली, पण मी ती हळूच चालवली होती. वर घेतली की पिंपातलं अर्धं पाणी रस्त्यावर उडायचं आणि समोरचा कापडवाला ओरडायचा. जो दोष वर घेतल्यावरच दिसत होता तो मी हळू चालवून शोधत होतो.

तो दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "फुगा चपटा होऊन राह्यला मिस्तरी."

"मंग स्क्रू खोलत नसशील."

"खुला हाय. झाकन बी फिरवून पाह्यलं. फुस्स झालं नाही."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. स्क्रू बंद असता तर झाकण फिरवताच टाकी फुस्सकन हवा ओढते. तशी ओढली नाही म्हणजे हवा आत जात होती आणि अडथळा टाकीच्या पुढे, फुग्याच्या अलीकडे होता. तिथे एकच वस्तू होती. पण त्या दिवशी दुकानासमोर फवारणी पंपांची रांग लागली होती. मी म्हणालो, "खुला हाय म्हनते अन् अर्धाच खोलते. जाय."

तो गेला.

भादव्यात, दुपारची वेळ होती. धरणापलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईला सोयाबीनच्या वावरात साप चावला. वस्तीचा पूल पाण्याखाली होता. रस्त्याने फिरून यायचं तर दूर पडतं, नावेने थेट येता येतं. अलीकडच्या काठावर जीप बोलावली. नावेत ती बाई, तिचा नवरा आणि नाववाला. अशा वेळी मोटर वर घेणार नाही असा माणूस नसतो. त्याने घेतली. मध्यावर ती मेली. फुगा दाबला, चालली, पुन्हा मेली. किती वेळा ते दोघांपैकी कोणी मोजलं नाही. शेवटी एक वल्हं त्याने घेतलं आणि बसायची फळी उपटून नवऱ्याने. वारा समोरून होता. काठाला लागले तेव्हा बाई बोलत नव्हती. मालेगावच्या रस्त्यावर जीपमध्येच ती गेली.

कोणी म्हणालं, उशीर झाला. कोणी म्हणालं, साप तसाच होता, विमानाने आणली असती तरी वाचली नसती. मला ते माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी गटाचे लोक मोटर, टाकी, नळी सगळं घेऊन आले आणि मला पाहायला सांगून बाजारात गेले. या वेळी मी कापडवाल्याची पर्वा केली नाही. पिंपात उभी करून पूर्ण वर घेतली. मिनिटभरात मेली. फुगा चपटा. झाकण फिरवलं. फुस्स झालं नाही. नळी काढून चाकूने उभी चिरली. आतला थर फुगून सुटला होता आणि लोंबत होता. जोराने ओढलं की तो चिकटून नळी बंद करायचा. मोटर थांबली की पुन्हा मोकळा व्हायचा. बाहेरून नळी नव्यासारखी होती.

मी ती नळी मागच्या बाजूला कचऱ्यात टाकून पेटवली. रबराचा धूर काळा येतो. चहावाला म्हणाला, "मिस्तरी, गाव बेसुद कराल ना!" मी मोटरसायकलच्या पेट्रोलची जाड नळी जोडून बसवली.

लोक परत आले. नाववाला त्यांच्या मागे उभा होता. मी मोटर चालवून दाखवली. वर घेतली, ओरडत राहिली, मेली नाही.

"मोटरमधी काही नाही," मी म्हणालो.

"मंग काहून मेली?"

"झाकनाचा स्क्रू पाहा म्हनून मी पैलेपासून सांगून राह्यलो."

एवढंच बोललो. त्याने स्क्रू उघडला नव्हता असं मी म्हणालो नाही. या आधारावर मी काही वर्षं झोपलोही.

नाववाला म्हणाला, "मी खोलला होता."

गटातला एक म्हातारा वळून म्हणाला, "त्या पैल्या साली बी खोललाच होता तू."

त्यावर नाववाल्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती, कारण फुस्स झालं नाही हे त्याने मलाच सांगितलं होतं. मी हात पुसत होतो.

त्याला कोणी मारलं नाही, पोलिसात दिलं नाही. फक्त नावेवरून काढलं. त्या हिवाळ्यात तो बायकोला घेऊन ऊस तोडायला गेला आणि पुढे दरवर्षी जाऊ लागला. पावसाळ्यात परत यायचा, पण धरणाकडे फिरकायचा नाही. मात्र सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, आली की त्या बाईच्या नवऱ्याच्या वावरात न बोलावता जाऊन उभा राहायचा आणि पीक निघेपर्यंत मजुरी न घेता राबायचा. हे मला रिसोडच्या बाजारात कळलं. ऐकून मी पंपाचे वायसर घेतले आणि गाडीत बसलो.

मी गप्प का राहिलो, याला मोठं कारण नाही. तुरुंगाची भीती नव्हती. विहिरीचा मिस्तरी धरणात बुडाला, असं लोक म्हणतील याची होती.

मागच्या वर्षी हात थरथरू लागले म्हणून दुकान बंद केलं. सोंगणीच्या तोंडावर एसटीने त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर बसून दगडावर विळा घासत होता. पन्नाशीतच म्हातारा दिसत होता.

"मिस्तरी! आज इकडं कसे?" त्याने आत हाक मारली, "चहा मांड वं, मालेगावचे मिस्तरी आले."

मी चहाची वाट न पाहता सगळं सांगितलं. नळी, रबर, चाकू, धूर. तो विळा घासत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "नाही मिस्तरी. स्क्रू बंदच होता."

"खुला होता. तूच म्हनला होता, फुस्स झालं नाही म्हनून."

"म्हनलो असीन. आपली चूक कोन सांगते?" त्याने अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "मले दिसते ते. घाईघाईनं टाकी ठेवली, त्या बाईले पकडून नावेत घेतलं, अन् स्क्रूले हातच लावला नाही. डोये मिटले का दिसते."

"अरे, त्याच्या आंधी तीन डाव मोटर मेली, ते?"

"तवा बी इसरत असीन."

"मी नळी चिरून पाह्यली ना बाप्पा! या हातानं जाळली."

"जाळली, मंग दाखवता काय?" तो हसला. त्यात राग नव्हता. "तुमचं वय झालं मिस्तरी. म्हातारपनी मानसाले असंच होते. गावात कोनाचं बी काही झालं का आपल्यानंच झालं वाटते."

बायकोने चहा आणला. ती आत गेल्यावर मी म्हणालो, त्या बाईच्या नवऱ्याला जाऊन सांगतो. तेव्हा त्याने विळा खाली ठेवला.

"त्याले काही सांगू नका."

"काहून?"

"त्यानं मले माफ केलं. सात वर्सं लागली त्याले. परसाल पोरीच्या लग्नात मले हाताले धरून पंगतीत बाजूले बसवलं. आता तुमी म्हनसान का याची चूकच नोयती. मंग इतके वर्सं मी त्याच्या वावरात काय करून राह्यलो होतो? अन् त्यानं माफ तरी काय केलं?"

चहा निवला.

तो मला सडकेपर्यंत सोडायला आला. गाडी दिसेना. त्याने विचारलं, "मिस्तरी, स्क्रू खुला असता तं वाचली असती का ते बाई?"

"खुलाच होता," मी म्हणालो.

"ते नाही इचारलं मी."

गाडी आली. त्याने मला दंडाला धरून चढवलं आणि वाहकाला म्हणाला, "बुढ्याले मालेगावले उतरवजो, पुढं नको नेऊ." दुसऱ्या दिवसापासून त्या वावरात सोंगणी होती.

मी त्या नवऱ्याकडे गेलो नाही. नाववाल्याचा शब्द पाळला म्हणून, की गप्प राहायची सवय आहे म्हणून, हे मला ठरवता येत नाही. नावंही लिहिली नाहीत. ती लिहिली तर नाववाल्याजवळ आहे ती माफीही जाईल, आणि न लिहिता हा कागद कोणाच्या उपयोगाचा नाही.