वाचनालयाच्या भिंतीवरचं चुकीचं जग

भिंतीवर एखादी चुकीची वस्तू टांगली, की तिच्याभोवती किस्से जमायला वेळ लागत नाही. आमच्या वाशीमच्या वाचनालयात तर अख्खं जगच चुकीचं टांगलेलं होतं!

जर्मनीबरोबरच्या मोठ्या लढाईचे दिवस. आमचे सेक्रेटरी वामनराव वकील यांनी कुण्या विलायतेला परतणाऱ्या साहेबाच्या लिलावातून जगाचा एक जुनापुराणा नकाशा आणला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. दोन मोठी वर्तुळं, कोपऱ्यांत गाल फुगवून वारा फुंकणारी तोंडं. वामनरावांचा त्याच्यावर भारी जीव! आणि कमिटीतले हेडमास्तर रोज म्हणायचे, "हा खोटा नकाशा मी उतरवणार म्हणजे उतरवणार!" झालं, जुंपली!

*

पहिला सामना कॅलिफोर्नियावरून. नकाशात ते चक्क बेट!

"बेट कसलं? जमिनीला जोडलेलं आहे ते!" हेडमास्तर कडाडले.

"तुम्ही पाहिलंय?"

"नाही, पण भूगोलाच्या पुस्तकात..."

"ऐकीव पुरावा!" वामनराव कोर्टातल्या आवाजात म्हणाले. "नामंजूर!"

*

नकाशाच्या तळाशी एक भलामोठा प्रदेश होता. ना गाव, ना नदी. अनसिंगचे उत्तमराव पाटील पेपर ऐकायला आले आणि तिथेच खिळले.

"येवढं रान पडीत? काहून? जमीन काळी हाय का मुरमाड?"

"पाटील, तिथे जमीनच नाही," हेडमास्तर म्हणाले. "छापणाऱ्यानं अंदाजानं काढलीय."

शेताच्या बांधावरून चालावं तसं पाटलांनी त्या प्रदेशाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. "जमीन नाही, तं मंग धुरा कायले आखला?"

हेडमास्तर पाणी प्यायला बाहेर गेले.

*

नकाशात वाशीम नव्हतं! वामनरावांना हा अपमान सहन होईना. त्यांनी सगळ्यांसमोर टाक शाईत बुडवला आणि हिंदुस्थानच्या मधोमध ठिपका दिला. कागद जुना, शाई पसरली, पसरतच गेली! त्यात हिंदुस्थान आधीच चिंचेसारखा बारीक काढलेला.

"अहो, अकोला गेलं!" हेडमास्तर किंचाळले.

वामनराव टाक पुसत म्हणाले, "आपला जिल्हा मोडून अकोल्यात घातला होता ना? आता बसा म्हणावं वाशिमात!"

त्या दिवशी वाचनालयात पेढे वाटले!

*

त्या ठिपक्याचा खरा उपयोग केला गंगाबाई माळणीनं. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत भरती होऊन मिसरला, म्हणजे इजिप्तच्या आघाडीवर, गेलेला. बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली, की टोपली दाराशी ठेवून ती आत यायची. मिसर कुठे ते हेडमास्तरांनीच तिला दाखवून दिलं होतं. ठिपक्यापासून तिथपर्यंत ती बोटं मांडायची. "चार बोटं," असं स्वतःशी म्हणायची आणि घरची वाट धरायची.

शेवटी हेडमास्तर जिंकले! ठराव पास झाला, नवा नकाशा आला. भिंतभर, रंगीत, बिनचूक! जुना गुंडाळून कपाटावर गेला. वामनरावांकडे बघवेना, मला खरंच वाईट वाटलं. हेडमास्तर मात्र असे खुशीत, की येईल त्याला हात धरून दाखवायचे, "हे बघा कॅलिफोर्निया! जोडलेलं!"

बाजारच्या दिवशी गंगाबाई आली. हेडमास्तरांनी तिलाही मोठ्या हौसेनं नवं वाशीम, नवं मिसर दाखवलं. तिनं बोटं मांडली. चार संपली, मिसर आलं नाही. दुसरा हात लावला. तरी आलं नाही.

"मास्तर, मांगच्या बाजारी तं चार बोटांवर होता. येवढ्या दूर कुठं नेलं वो माह्या पोराले?"

"गंगाबाई, तसं नाही. हा नकाशा मोठा आहे, म्हणून..."

"चार बोटंच मले लय होते, मास्तर!"

हेडमास्तर स्टुलावर चढले, कपाटावरची गुंडाळी स्वतः खाली काढली आणि ओरडले, "वामनराव, बघत काय बसलात? खिळे आणा!"