वहिनीचा पूर्णेचा खेळ

माझी वहिनी वंदना बदनापूरच्या स्टेशन रोडवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. पीकविमा, दाखले, भरतीचे अर्ज. गावाला ती एवढीच माहीत. पण घरी बसून हौसेनं संगणकावरचे खेळ बनवणारी माणसं देशोदेशी असतात, आणि त्यातली बरीच जण वहिनीनं लिहिलेलं एक छोटं साधन वापरतात, हे माझ्या भागवतदादालाही कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी हसले होते.

वहिनीचं माहेर केदारखेड्याचं. जालन्याला कॉम्प्युटर शिकताना शेवटच्या वर्षाला तिनं एक खेळ करायला घेतला होता. एका मुलीला पूर्णा नदी ओलांडायची आहे. पाण्यात बुडालेले दगड आहेत. दोन अक्षरांचं बरोबर जोडाक्षर जुळवलं की एक दगड वर येतो आणि मुलगी त्याच्यावर उडी मारते. परीक्षेपुरता एक टप्पा झाला, तेवढ्यात लग्न ठरलं. खेळ सीडीत राहिला आणि सीडी रुखवताच्या पेटीत.

दुकान सुरू झाल्यावर दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा तिनं ती सीडी बाहेर काढली. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं पडद्यावर फुटायची. ‘स्त्री’ लिहिलं की तिचे तुकडे व्हायचे, वेलांटी भलतीकडेच जाऊन बसायची. जोडाक्षरांचा खेळ, आणि जोडाक्षरच उमटेना.

शोधता शोधता तिला इंटरनेटवरचा एक मंच सापडला. तिथं हौशी लोक आपले अर्धेमुर्धे खेळ दाखवायचे, अडलं की विचारायचे, स्वतः केलेली साधनं फुकट वाटायचे. वहिनीनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं, “माझी अक्षरं फुटतात.” सोबत पडद्याचा फोटो टाकला. दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ‘पहाडी’ नावानं उत्तर आलं, “माझीपण.”

ती पहाडी म्हणजे नेपाळची सबिता. पोखऱ्याला राहायची आणि नेपाळीत खेळ करू बघायची. लिपी एकच, म्हणून दुखणंही एकच. दोघींनी मिळून आठ महिन्यांत ते साधन तयार केलं. मजकूर आत घातला की अक्षरं नीट जोडून खेळाच्या हवाली करणारं. प्रोग्राम लिहायची वहिनी, आणि एकेक जोडाक्षर तपासून चुका काढायची सबिता. मंचावर ठेवलं तसं बिहारमधून, मॉरिशसमधून आभार यायला लागले.

मग सबिता वहिनीच्या खेळासाठी चित्रं काढायला लागली. त्याच दिवाळीला मी माहेरी आले होते.

“वैनी, पोरासोरावानी हे काय करून राह्यल्या तुम्ही?” मी विचारलं.

“नदी करून राह्यले, ताई. बघा न.”

पडद्यावर निळंशार पाणी होतं आणि मागं बर्फाचे डोंगर. मी पोट धरून हसले. वहिनीही हसली. म्हणाली, “तिनं पूर्णा पाह्यलीच न्हाई, तर ती काय करील?” भाऊबीज झाल्यावर ती केदारखेड्याला गेली आणि गढूळ पाण्याचे, बाभळींचे, काळ्या खडकांचे फोटो काढून सबिताला पाठवले. सबितानं डोंगर पुसले. रंग मात्र चार वेळा बदलला, तेव्हा कुठं वहिनी म्हणाली, हा, आता बराबर.

अशी चार वर्षं गेली. दोघींनी एकमेकींचा आवाज कधी ऐकला नव्हता. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं असतं. त्यामुळं दोनचं ठरलं की सबिता आधी येऊन वाट बघायची.

मग मंचावरच्या लोकांनी बेंगळुरूला दोन दिवस भेटायचं ठरवलं. प्रत्येकानं आपला खेळ तिथं दाखवायचा. सबिता पोखऱ्याहून येणार म्हटल्यावर वहिनीनंही दादाला विचारलं. दादा म्हणाला, “जा की. दुकान मी पाहतो.” तिनं तिकीट काढलं, नवी पर्स घेतली. सबितासाठी बाजरीचे खारोडे डब्यात भरले.

निघायच्या आदल्या दिवशी आमची आई, द्वारकाबाई, न्हाणीत पाय घसरून पडली. खुबा मोडला. जालन्याला ऑपरेशन ठरलं. दादाचा मला फोन आला, “अर्पिता, दोन दिवस येतीस का? वंदनाला जायचंय.”

मी तेव्हा संभाजीनगरला शाळेत शिकवत होते. परीक्षेची ड्युटी आहे म्हणाले. ड्युटी होती, पण बदलून घेता आली असती. बाई जाऊन खेळ दाखवणार, त्यासाठी मी रजा का टाकू, असं माझ्या मनात आलं. ते मी फोनवर बोलले नाही, एवढंच.

वहिनीनं तिकीट रद्द केलं. आईला म्हणाली, “आत्याबाई, माझं काय एवढं जरुरी नव्हतं.” ते दोन दिवस ती दवाखान्यात आईच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी मंचावर भेटीचा फोटो आला. चाळीसेक माणसं. कडेला ठेंगणी, गोल चेहऱ्याची सबिता, हातात कागदाची गुंडाळी. वहिनीनं तो फोटो मोठा करून करून पाहिला. “चित्रं असतील,” एवढंच म्हणाली.

सबिता रागावली नाही. “आईची काळजी घे, पुढच्या वेळी भेटू,” असं तिनं लिहिलं. पुढची वेळ आली नाही. वर्षभरात ती नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेली. रोजचं बोलणं आठवड्यावर आलं, मग सणावर. मग थांबलं. वहिनी दोन वाजता मंच उघडून ठेवायची. करोनाच्या दुसऱ्या वर्षी मंच चालवणाऱ्यानंच कळवलं, की आता झेपत नाही, महिन्याभरात बंद करतोय. तो महिनाभर वहिनी सबिताचे सगळे निरोप एकेक करून उतरवून घेत होती.

खेळ तिनं एकटीनं पुरा केला. सात टप्पे, सातवा सबिताच्या उरलेल्या चित्रांतून जोडजाड करून. खेळ संपला की नावं येतात, त्यात सबिताचं आधी. दादानं पहिल्यांदा खेळून पाहिला आणि ‘ज्ञ’वर अडकला. “हे बिलकुल सोपं न्हाई,” म्हणाला, आणि रात्री जेवताना पुन्हा मोबाइल मागितला. मी माझ्या पाचवीच्या वर्गाला तो खेळ दिला. पोरं भांडून खेळतात.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. तेराव्याला वहिनी भांडी आवरत होती, तेव्हा मी तिला ड्युटीचं खरं सांगितलं. तिनं हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं.

“मला माहीत व्हतं, ताई,” ती म्हणाली. “तुमच्या शाळेतल्या बाई फॉर्म भरायला आल्त्या दुकानात. ड्युटी बदलून भेटती, म्हणल्या.”

आठ वर्षं ती त्याबद्दल मला एक शब्द बोलली नव्हती. मी घरी परतले आणि सबिताला शोधायला बसले. चार दिवसांनी ब्रिस्बेनच्या एका ऑफिसच्या यादीत तिचं नाव आणि ईमेल सापडला. वहिनीला पाठवला. तिनं तीन आठवडे काही केलं नाही. मग लिहिलं, खेळही जोडला.

उत्तर आलं तेव्हा मी दुकानातच होते. पाच ओळी होत्या. आठवण ठेवल्याबद्दल आभार. जुळ्या मुली झाल्यात. नदी फार छान दिसते, कुणी काढली? मी चित्रं काढणं कधीच सोडलं. सुखात राहा.

“बरी हाय ती,” वहिनी म्हणाली. मग पडद्याकडं बघतच म्हणाली, “कुणी काढली म्हणून विचारती, ताई.”

एक म्हातारे बाबा दाखल्यासाठी उभे होते. तिनं त्यांचे कागद हातात घेतले. जन्मतारीख दोनदा चुकली.

आता ती नवा खेळ करतेय, आठवडी बाजाराचा. दुसऱ्या एका मंचावर चित्रकार पाहिजे म्हणून तिनं लिहिलं आहे. तिघांची उत्तरं आलीत, एक तर जालन्याचीच रुचि नावाची मुलगी आहे. “चांगलं काढती,” वहिनी सांगते. दर फोनला मी विचारते, कळवलं का तिला? दर वेळी ती म्हणते, कळवते की, जल्दी काय आहे. अजून तिनं कुणालाच कळवलेलं नाही.