डबा वाजला, कायदा लागला

दिल्लीत झालेला कायदा सगळ्या देशाला लागू होतो, फक्त किन्हीराजातल्या आमच्या पाटील मामांच्या ओट्याला होत नाही. विधेयक पास होवो, राष्ट्रपतींची सही होवो, राजपत्रात तारीख छापून येवो, गावात दवंडी झाल्याशिवाय कायदा लागू नाही, असं मामांचं ठाम मत होतं. आणि दवंडी देणार कोण? छप्पन सालानंतर बौद्ध वस्तीनं धम्म घेतला आणि गावकीचं डफडं कायमचं खाली ठेवलं. बरंच केलं. बाकीच्या गावाला कायदे हवे होते, पण डफडं उचलायचं म्हटलं की जात आडवी यायची. तेव्हापासून मामांच्या लेखी गावात एकही नवा कायदा आला नव्हता.

हुंडाबंदी आली, तेव्हा मामांनी दोन मुलांची लग्नं घड्याळ-सायकलींसकट वाजतगाजत उरकली. त्यातल्याच एका बिनादिव्याच्या सायकलीवरून जाताना जवळच्या मालेगावात शिपायानं अडवलं, तर म्हणाले, "तुमच्या मालेगावात दवंडी झाली असन साहेब, आमच्या गावात नाई झाली." शिपाई नवा होता बिचारा, त्यानं सोडून दिलं. आणीबाणीसुद्धा, मला वाटतं, मामांच्या ओट्याखालूनच परत गेली.

अठ्ठ्याहत्तर साली मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालं, आणि नेमकं त्याच दिवाळीत मामांनी नातीचं, सुमनचं, लग्न ठरवलं. पोर सोळाची, दहावीत शिकणारी, रडून रडून डोळे सुजलेले. मी पडलो मास्तर, एस.टी. धरून समजवायला गेलो.

"मामा, कायदा लागू झाला आहे."

"कोठी?"

"साऱ्या देशात."

"दवंडी?"

तेवढ्यात सुमन आतून रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आली आणि ओट्यावर उभी राहून लाटण्यानं बडवू लागली. "ऐका हो ऐका! अठराच्या आत पोरीचं लगन लावन, त्याले जेल हाय होऽ!" बायका दारात आल्या. पाटलाच्या घरची पोर दवंडी देऊन राह्यली, म्हणून म्हातारे तोंडावर हात ठेवून बघत राहिले. मामा खाटेवरून उठले. आता पोरीच्या पाठीत धपाटा बसणार, असं मला वाटलं.

"खालच्या आळीले आयकू नाई गेलं," मामा म्हणाले. "तिकडं जाऊन वाजव."

संध्याकाळच्या आत सोयऱ्यांकडे निरोप गेला, की आमच्या गावात कायदा लागू झाला, लगन होत नाही.

मला गाडीवर सोडायला मामा फाट्यापर्यंत आले. माझा राग गेला नव्हता. म्हटलं, "मंग पोरीले इतकं रडवलं कायले?"

"सोयऱ्याले शब्द देल्ला होता. मोडाले मले तोंड नवतं." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुह्या मायचं लगन झालं, तवा थे अकरा वर्साची होती. माह्या पाठची. तवाबी कायदा होता म्हनतेत. डफडं होतं, पन गावात कोनी सांगतलाच नाई."

गाडी आली. आईचा भाऊ धोतर सावरत फाट्यावर उभा होता, आणि त्याच्यावर रागवावं तरी कसं, हे मला कळेना.