महाळुंग्याचा लॅपटॉप

नारायणगावच्या एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मी चार वर्षं जातोय, पण त्याला माझं नाव ठाऊक नाही आणि मला त्याचं. मान खाली घालूनच, नुसत्या आवाजावरून तो गिऱ्हाईक ओळखतो आणि गावानं, यंत्रानं हाक मारतो. "मढचा प्रिंटर, उद्या या. आण्याचा मोबाईल, थांबा जरा." मी म्हणजे महाळुंग्याचा लॅपटॉप. खरं तर याचा मला रागच यायचा.

त्या दिवशी लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवून मी म्हणालो, "झाकण लागत नव्हतं. दोन दिवस वर पाटा ठेवला, तरी बसेना."

त्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला. पहिल्यांदाच त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"दाबलं? राव, बॅटरी फुगलीय. फुटली तर पेट घेती. चार्जिंगला लावला व्हता?"

"पोरगी लावूनच अभ्यास करते. गादीवर बसून."

दुकानातल्या सगळ्यांना त्यानं रस्त्यापलीकडं उभं केलं, मलासुद्धा. लॅपटॉप बंद करून मागच्या मोकळ्या जागेत नेला. प्लास्टिकच्या पट्टीनं, अगदी हलक्या हातानं बॅटरी सोडवली आणि कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवली. तेवढा वेळ तिथं तो एकटाच होता.

"ही कचऱ्यात न्हाई टाकायची. पुण्याला जुन्या बॅटऱ्या घेत्यात, तिकडं धाडतो मी."

परवा पुन्हा गेलो. नवी बॅटरी कशी चाललीय, हे विचारील असं वाटलं. मान वर न करताच तो म्हणाला, "महाळुंग्याची पोरगी. बरी हाय ना?"