सैल तारांची गिटार

आमच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी कामाला चोख आणि बोलायला कंजूष. पन्नाशी उलटल्यावर तो गिटार शिकायला बसला, तेव्हा मी कपाळावर हात मारला. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

गिटार त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ ऐन तिशीत तापाने गेला. तो एकच गाणं वाजवायचा: नदीपार गेलेल्या नावाड्याची ती जुनी, लांबलचक कहाणी, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. आता आईची दृष्टी गेली होती, अन्नावरची वासनाही उडाली होती. तिने मागितलं ते एवढंच, "त्याचं गाणं एकदा ऐकव रे."

शिंप्याने कपाटातून गिटार काढली. तारा सैल लागल्या. हा पडला टापटिपीचा माणूस. वाद्यांच्या दुकानात नेऊन त्या नीट लावून आणल्या. मग चिकाटीने शिकला. गाणं हातात बसलं. आई म्हणाली, "चांगलं आहे. पण हे त्याचं नाही."

मी कोट आखूड करायला घेऊन गेले, तेव्हा तो गिटार उजेडात धरून बसला होता. म्हणाला, "वहिनी, कोट कोपरावर झिजतो. ही कुठे झिजलीय बघा."

शिकाऊंची बोटं जिथे घुटमळतात ते दांडीवरचे पहिले पडदे कोरे होते. मधल्या दोन पडद्यांशी मात्र सरळ आडवा पट्टा झिजलेला. भाऊ सगळ्या तारांवर एकच बोट आडवं टेकवायचा. म्हणजे बोट न टेकवता, मोकळ्या छेडलेल्या ताराही आपापसात सुरात जुळत असणार. त्या सैल पडल्या नव्हत्या, त्याने तशा लावल्या होत्या.

शिंप्याने कानाने शोधत तीन तारांचा सूर उतरवला आणि सगळ्या तारा मोकळ्याच छेडल्या. त्या भावाला मी कधी पाहिलेलं नाही, तरी मी वळून दाराकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, घाबरले मी.

गाणं सुरू झालं तशी आतल्या खोलीत आई उठून बसली.

"आलास? किती उशीर केलास."

शिंप्याचा हात थांबला नाही. "हो, आई."

"वाढून घे. मीही दोन घास खाते. आणि धाकटा कुठाय?"

तो पुढचं कडवं वाजवत राहिला.

आता रोज दुपारी ती जेवते आणि रोज तेच विचारते. खालून मला शिंप्याचा आवाज ऐकू येतो, "बाहेर गेलाय, आई. येईल इतक्यात."